मुराळ्याची जीप

आमच्या आबांनी आयुष्यात एकच नियम मनापासून पाळला: गाडी भरल्याशिवाय हलवायची नाही. पवनानगर ते कामशेत त्यांची वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन शिटं नेणारी, जीप होती, आणि गुरुवारी शिरगावच्या देवळाची जादा फेरी. या नियमापायी मी दहावीच्या पेपराला धापा टाकत पोचले आहे. माझ्या साखरपुड्याला आम्ही नवरीकडचे लोकच सगळ्यांत शेवटी पोचलो, कारण गाडीत दोन शिटं कमी होती आणि ती वाटेत मिळतील अशी आबांना खात्री होती. मिळाली. ती दोघं जेवून, टॉवेल-टोपी घेऊन गेली.

तेव्हा ही जीप माझ्यासाठी काय होती असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगेन, डोकेदुखी होती. तरीही आबांच्या गुडघ्यांनी संप केला, गाडी अंगणातल्या जांभळाखाली कायमची उभी राहिली आणि एक भंगारवाला तिच्याभोवती फिरून टायरला लाथा घालू लागला, तेव्हा त्याच्या अंगावर मीच धावून गेले. मी लोणावळ्याच्या एका शाळेत पी.टी. शिकवते. गळ्यात शिट्टी असते आणि आवाज शिट्टीपेक्षा मोठा आहे. भंगारवाला पुन्हा आला नाही.

मग गाडीत आईच्या कोंबड्या राहायला आल्या. मागच्या बाकाखाली त्यांनी संसार मांडला, स्टेअरिंगवर एक कोंबडा बसायचा. गाडी डिझेलची, जुनी, जाड पत्र्याची आणि फोर बाय फोर होती. म्हणजे गिअरच्या दांडीशेजारी अजून एक दांडी होती, जी ओढली की चारही चाकं जोर लावतात. आबांनी त्या दुसऱ्या दांडीला कायम जेवणाची पिशवी अडकवली. डबा हिंदकळत नाही, एवढाच त्यांना तिचा उपयोग माहीत होता.

गाडी पुन्हा हलायचं कारण झाली आत्या. आबांची ही थोरली बहीण पवना धरणाच्या पलीकडे डोंगरावर, पठारावरच्या एका लहानशा वाडीत राहते. नवरा गेला, मुलगा नोकरीला दूर, पण ती तिथून हलत नाही. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढराफेक झाला होता आणि दुसरा डोळा त्याच वाटेवर होता. चूल चाचपून पेटवायची. एकदा पदर होरपळला. वाडीवर तपासायला आलेल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवाळी झाली की तळेगावला येऊन ऑपरेशन करून घ्या, आणखी थांबलात तर हातात काही राहणार नाही.

आत्याची ऑपरेशनला ना नव्हती. अट होती. मुराळी आला तर येईन, म्हणाली.

सासरी नांदणाऱ्या मुलीला घेऊन जायला माहेरचा माणूस येतो, तो मुराळी. त्याने उंबऱ्याच्या आत यायचं, पाणी प्यायचं, जेवायचं आणि मग तिला घेऊन निघायचं. आता ही पद्धत लग्नाच्या पहिल्या वर्षापुरती उरली आहे, तीही फोटोसाठी. आत्याला ती सत्तरी उलटल्यावर हवी होती. मी तिला म्हटलं, मीच येते की मुराळी होऊन. त्यावर ती म्हणाली, "भाची मुराळी व्हती का कधी? भाऊ जिता हाय ना माजा?"

भाऊ जिता होता, पण गुडघ्यात अडकला होता. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं टळत आलेलं, दोन्ही अर्धेच वळायचे. पायवाटेने डोंगर चढणं शक्यच नव्हतं. दुसरा एक कच्चा रस्ता आहे, तो दर पावसात निम्मा वाहून जातो आणि उरलेल्या निम्म्यावरून ट्रॅक्टर जातो. पण आबा ट्रॉलीत बसायला तयार नव्हते. ज्याने जन्मभर स्टेअरिंग धरलं तो शेणखताच्या जागी बसून बहिणीच्या दारात जाणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आत्याचंही नेमकं तेच म्हणणं होतं. ही भावंडं एकमेकांना न विचारता एकमताने हट्ट करतात.

म्हणून जीप. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं की दिवाळीच्या आत गाडी डोंगर चढायच्या लायकीची करीन आणि आबांना आत्याच्या दारात नेऊन उभं करीन. आईने फक्त विचारलं की कोंबड्या कुठे जाणार.

औंढ्याला माझ्या ओळखीचा एक मिस्त्री आहे. पूर्वी तो वडापच्या गाड्या आणि शेतावरचे पंप दुरुस्त करायचा. आता शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईचे लोक चकचकीत गाड्या घेऊन मुद्दाम चिखलात रुतायला येतात. त्यांना बाहेर काढता काढता तो त्यांची भाषा शिकला. आता तो गाडी जाईल असं म्हणत नाही, अँगल बसतोय असं म्हणतो. बाकी काहीही विचारलं की त्याचं उत्तर एकच: "होतंय की, मॅडम."

तो बॅटरी घेऊन घरी आला. डिझेलच्या पाइपात हवा धरली होती, ती त्याने पंप मारून मारून काढली. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराने आईच्या हरवलेल्या ब्लाउजपीसची गादी केलेली. ते कापड पाच-सहा वर्षं शेजारणीने उचललं असं आई मानत होती, आणि त्या संशयावर दोघींचं बोलणं बंद होतं. अखेर इंजिन धडधडलं. काळा धूर निघाला, कोंबड्या दाही दिशांना पळाल्या. आबा अंगणात खुर्चीवर बसले होते. त्यांचा उजवा पाय जमिनीवर हळूहळू दाबला गेला. ते बघून मला फार बरं वाटलं.

इथे थांबले असते तर गोष्ट सोपी होती. पण गाडीचे पाटे, म्हणजे ज्यांवर ती तोलते ते लोखंडी पट्टे, मऊ पडले होते आणि ते बदलायला गाडी औंढ्याला मिस्त्रीकडे न्यावीच लागली. बदलायचेच तर जाड का नकोत, असं मिस्त्री म्हणाला, आणि मलाही ते पटलं. जाड पाट्यांनी गाडी उचलली गेली. उचललेल्या गाडीखाली जुने टायर अगदीच केविलवाणे दिसायला लागले. मोठे, खडबडीत टायर आणले तर ते मडगार्डला घासायला लागले. मग गाडी आणखी उचलली. यात कुठल्या पायरीवर माझं चुकलं ते मला आजही कुणी दाखवून देऊ शकलेलं नाही.

पायरीवरून आठवलं. दोन्ही बाजूंच्या चढायच्या पायऱ्या मिस्त्रीने कापून टाकल्या. दगडात अडकतात, म्हणाला. मी होकार दिला. रोज रात्री जेवताना मी मोबाइलवर लोकांच्या अशाच गाड्या डोंगर चढताना बघत होते, आणि त्यांतल्या एकालाही पायऱ्या नव्हत्या.

मग स्नॉर्कल आलं. हा एक काळा नळकांड्यासारखा पाइप असतो, बॉनेटच्या कडेने वर चढून काचेशेजारून टपापर्यंत जातो. नदीतून जाताना इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून. आमच्या वाटेवर नदी नाही. एक ओढा आहे, त्यात दिवाळीला घोटाभर पाणी असतं. पण ते नळकांडं डाव्या अंगाला बसवल्यावर गाडीला जो रुबाब आला, तो ओढ्याकडे बघून परत करायचा का? मोबाइलवर फोटो बघून आबांनी त्याला चिमणी म्हटलं. आईने विचारलं, स्वयंपाकघर कुठे केलंय. त्यानंतर पुढच्या बंपरवर विंच आला, म्हणजे लोखंडी दोरी गुंडाळणारं चाक. गाडी रुतली की दोरी झाडाला बांधायची, बटण दाबायचं आणि गाडीने स्वतःच स्वतःला ओढून घ्यायचं. हे मला फारच आवडलं. मी स्वतः आयुष्यात बऱ्याचदा तसंच केलेलं आहे.

जुन्या डिझेल गाडीचं म्हातारपण असं असतं की एक दुखणं बरं केलं की त्याच्या आड लपलेलं दुसरं पुढे येतं. पाटे झाले तर ऑइल गळायला लागलं. ते थांबवलं तर स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागलं. अख्ख्या पावसाळ्यात माझा रविवार गाडीखाली, पोत्यावर उताणं पडून गेला. ग्रीस मारायला मी शिकले, चाकाचे नट आवळायला शिकले. सोमवारी शाळेत शिक्षक माझ्या शेजारून उठून खिडकीपाशी बसायला लागले. मी त्यांना सांगितलं की डिझेलचा वास आरोग्याला चांगला असतो. ते खोटं होतं, पण माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही.

दिवाळी संपता संपता गाडी घरी आणली. अंगणात शिरताना जांभळाची एक फांदी मोडली, कारण गाडी आता तिच्याहून उंच होती. गल्लीतली माणसं जमली. आबा धुतलेलं धोतर, टोपी, काठी अशा थाटात बाहेर आले. त्यांनी गाडीला पूर्ण वळसा घातला, टायरवर हात ठेवला, विंचकडे पाहिलं आणि दाराची कडी धरून पाय उचलला.

पाय निम्म्यावर थांबला. गुडघा त्यापुढे वळत नव्हता आणि गाडी त्याच्याही वर कुठेतरी होती. आबांनी दुसरा पाय उचलून पाहिला. मग दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आणि कडी सोडून दिली. "लय भारी केलीस," ते म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "कुनासाटी केलीस?"

मला इतका राग आला की काय सांगू. त्यांचा नव्हे, त्या गाडीचाही नव्हे, जमलेल्या माणसांचा, कारण ती हसत होती. मी शिट्टी फुंकून सगळ्यांना घरी पाठवलं.

मग प्रयोग सुरू झाले. स्टूल लावलं तर ते डगमगलं. पाटावर पाट ठेवले तर आबा वरच्या पाटासकट घसरले आणि आईने पुढचे प्रयोग बंद पाडले. मी आणि मिस्त्रीने त्यांना काखेत धरून उचलायला घेतलं तर त्यांनी काठी उगारली. मिस्त्री म्हणाला की पुण्याहून बटणावर खाली येणारी पायरी मागवू, पंधरा दिवसांत येते, होतंय की. ऑपरेशनची तारीख परवाची होती.

शेवटी दूध डेअरीच्या ओट्याने हात दिला. दुधाचे कॅन टेंपोत सरकवायला डेअरीपुढे एक उंच ओटा बांधला आहे आणि त्याला एका बाजूने चढण आहे. मी गाडी मागे घेत घेत त्याला भिडवली आणि मागचं फळकूट उघडलं. आबा चढणीने हळूहळू ओट्यावर आले आणि समोरच्या खोलीत जावं तसे चालत गाडीत जाऊन मागच्या बाकावर बसले. आम्ही टाळ्या वाजवल्या. फक्त एक अडचण होती. आता जिथे असा ओटा असेल तिथेच ते उतरू शकणार होते, आणि आत्याच्या घराचा ओटा माझ्या गुडघ्याएवढा आहे.

"वर गेल्यावर बघू," आबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा डेअरीवरून त्यांना गाडीत घेतलं. मी त्यांना सुचवलं होतं की आतून पुढच्या शिटावर सरका, रस्ता दिसेल. नको म्हणाले, मागे बरं आहे.

मला सरळ डोंगराकडे जायचं होतं. पण पवनानगरच्या स्टँडवर मागून पत्र्यावर एक थाप पडली. वडापच्या गाडीत एक थाप म्हणजे थांब आणि दोन थापा म्हणजे चल, हे मला बोलायला येण्याआधीपासून कळतं. पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागे वळून बघते तर आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून हाक द्यायला सुरुवात केली होती: "चला पठार, पठार, बसा लवकर."

मी त्यांना सांगितलं की ही आता वडापची गाडी राहिलेली नाही, ही डोंगरातल्या प्रवासासाठी तयार केलेली गाडी आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोन बायांना सरकून जागा दिली. दिवाळीचा बाजार घेऊन वाडीवर परत जाणाऱ्या बाया होत्या, त्यांच्यामागून तिघे-चौघे पुरुष, आणि एकाबरोबर शेळी. पायरी नसल्याने सगळी एकमेकांना ओढत वर चढली. एक मावशी अर्ध्यात लोंबकळत म्हणाली, "जीप हाय का माडी हाय ही?" आबांनी सगळ्यांना नेहमीच्या कौशल्याने रचलं. मागे मुंगीला जागा उरली नाही, तेव्हा एक जाडजूड गृहस्थ पुढचं दार उघडायला आले.

"फुडं न्हाई," आबा मागून म्हणाले. "ते शीट बोललेलं हाय."

मी चाटच पडले. गाडीत शेळीसुद्धा कुणाच्या तरी मांडीवर होती आणि माझ्या शेजारी अख्खं शीट रिकामं. कुणी बोललंय, म्हणून विचारलं तर आबा दुसरीकडे बघायला लागले. मला वाटलं, वाटेत कुणी सरपंच नाहीतर असाच कुणी मानाचा माणूस उभा असणार, त्याच्यापुढे आबांचं काही चालत नाही. ते जाडजूड गृहस्थ मागे स्टेपनीवर बसले आणि गाडी निघाली. मी धरणाच्या कडेकडेने, प्रत्येक फाट्यावर त्या सरपंचाला मनातल्या मनात शिव्या देत गेले. कुठल्याच फाट्यावर कुणी उभं नव्हतं.

डांबरी संपली आणि खरा रस्ता सुरू झाला. ओढा आला, त्यात टायरची खालची रेघसुद्धा धड भिजली नाही. मग तो चढ आला ज्यासाठी मी पावसाळाभर पोत्यावर पडले होते. ओलसर कातळ, त्यावर माती. गाडी निम्म्यावर गेली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मी मनातून खूश झाले. विंच वापरायची वेळ आली होती.

हातमोजे घालून मी खाली उतरले तर गाडीत एकटे आबा. मागची बाकी सगळी माणसं कुणी न सांगता आधीच उतरली होती, बायांनी पदर खोचले होते आणि पुरुष मागे हात लावून उभे होते. वडापच्या गाडीत चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं, हे त्यांच्या अंगवळणी आहे. मी त्यांना विंच समजावून सांगितला आणि दोरी ओढत एका जांभळाकडे निघाले. तेवढ्यात माडीवाल्या मावशी म्हणाल्या की ते झाड त्यांच्या दिराचं आहे आणि दीर लय भांडतो. दुसऱ्या झाडाकडे वळले तर तेही दिराचंच निघालं. मागून एक जण म्हणाला, "बाई, तुमी बसा हो गाडीत. आमी हाय ना."

मी दात खात बसले. त्यांनी ढकललं, शेळी ओरडली, गाडी वर चढली. वर थांबून पाण्याची बाटली घ्यायला जेवणाच्या पिशवीत हात घातला तेव्हा लक्षात आलं की पिशवी त्या दुसऱ्या दांडीला अडकवलेली आहे. जाड पाटे, मोठे टायर, स्नॉर्कल, विंच, सगळं होतं, फक्त फोर बाय फोर लावायचं राहून गेलं होतं. घराण्याची सवय. मी पिशवी काढली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच दांडी ओढली. पुढचे सगळे चढ गाडी अशी चढली की मागच्या लोकांनी आबांच्या बसण्याला त्याचं श्रेय दिलं.

आत्या ओट्यावर बसून होती. नवं लुगडं, शेजारी बांधलेलं गाठोडं. आवाजावरूनच तिने ओळखलं आणि उभी राहिली. माणसं उतरली, शेळीच्या मालकाने जागा बघून शेळी विंचच्या हुकाला बांधली. "अक्का," आबांनी मागून हाक मारली.

"ये. आत ये, पानी घे," आत्या म्हणाली.

आबा उतरू शकत नव्हते. मी आत्याला समजावलं की गाडी उंच झाली आहे, गुडघे वळत नाहीत, पाणी इथेच गाडीत दे आणि निघू. उद्या सकाळी ऑपरेशन आहे. आत्या म्हणाली की मुराळी दारातून परत जात नसतो आणि गाडीत बसून पाणी पीत नसतो. तांब्या घेऊन ती जागची हलली नाही. पुरुषांनी आबांना उचलून खाली घ्यायची तयारी दाखवली, तर आबांनी दांडा घट्ट धरला आणि विचारलं, मी काय पोतं आहे का. एक ओट्यावर, एक गाडीत, मध्ये कमरेएवढी उंची, आणि दोघंही हटायला तयार नाहीत. तो पांढरा डोळा माझ्याकडे लागलेला होता आणि त्याला मी दिसत नव्हते. मला भीती वाटली. एवढं करून आम्ही रिकाम्या हातांनी परत जाणार, आणि हिचा दुसरा डोळाही जाणार, असं मला स्पष्ट दिसायला लागलं.

भीती वाटली की मला राग येतो, आणि राग आला की माझं डोकं चालतं. आत्याच्या ओट्याचं एक टोक छपराबाहेर आलेलं आहे, तिथे ती भात वाळवते. त्याच्या कडेने पावसाचं पाणी जायला चांगला खोल चर खणलेला आहे. मी गाडी वळवली, बांधलेली शेळी गोल फिरून आली, आणि मागे घेत घेत मागची चाकं त्या चरात उतरवली. लोकांच्या गाड्या मोठमोठे कडे उतरतात, माझ्या गाडीने पाण्याचा चर उतरला. फळकूट खाली आलं, पण तरी हातभर उंच राहिलं. जाड पाटे दबत नव्हते.

मी शिट्टी फुंकली. "सगळे मागे चढा," मी ओरडले. वाडीतली जी जी माणसं तमाशा बघायला आली होती ती सगळी, बाजारवाल्या बाया, जाडजूड गृहस्थ, शेळीचा मालक, सगळी मागे चढली. आबांनी आतून त्यांना सरकवून, दाबून, नीट रचलं. तेवढ्यातही त्यांचं चाललंच होतं, अजून दोन शिटं बसतील. गाडी कण्हली आणि खाली बसली. फळकूट आणि ओटा यांच्यात एक वीत उरली. त्यावर आत्याचा जेवायचा पाट आडवा टाकला, आणि आमचा मुराळी काठी टेकत, टोपी सावरत ओट्यावर चालत आला.

आत्याने तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपलं. "वाळलास रं," ती म्हणाली. आबा म्हणाले, "तू कुटं जाड झालीस?" मी तोंड फिरवून शिट्टी पुसत बसले. मला रडू आलं होतं आणि गाडीभर माणसं माझ्याकडे बघत होती.

उंबऱ्याच्या आत पाणी झालं, नव्या तांदळाचा भात आणि वालाचं कालवण झालं. परत निघताना वाडीने पुन्हा आपणहून गाडीत चढून ती खाली बसवली, आबा मागच्या बाकावर गेले, मग वाडी खाली उतरली. आता आत्याला कसं चढवायचं याचा मी विचार करत होते. तेवढ्यात ती चाचपडत गाडीच्या डाव्या अंगाला गेली, एक पाय टायरवर दिला, हाताला स्नॉर्कल लागलं ते पकडलं आणि माळ्यावर चढावं तशी सरळ पुढच्या शिटात जाऊन बसली. "हे धरायला लय बरं केलंस," ती मला म्हणाली. स्नॉर्कलचा उपयोग विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगते.

मग तिने शेजारी, मागे हात फिरवला. "हितं कोन बसलंवतं?"

"कुनी न्हाई," आबा मागून म्हणाले.

"पवनानगरपासनं?"

"घरापासनं."

आत्याने शिटावरून पुन्हा एकदा हात फिरवला. तिलाही नियम माहीत होता. तिच्या तरुणपणी ती याच गाडीत मागे, तांदळाच्या पोत्यावर बसून माहेरी आली होती, कारण पुढे गिऱ्हाईक होतं. "रिकामं आनलंस?" तिने विचारलं.

"मुराळी मागं बसतो," आबा म्हणाले. "फुडं माहेरवाशीन."

ज्या माणसाने माझ्या साखरपुड्याला शीट रिकामं ठेवलं नाही, त्याने ते डोंगरभर रिकामं आणलं होतं, आणि मी वाटभर सरपंचाला शिव्या घालत होते. मागून पत्र्यावर दोन थापा पडल्या. मी दुसऱ्या दांडीवरचा हात काढून क्लच सोडला.

ऑपरेशन नीट झालं. पट्टी निघाली त्या दिवशी मी गाडी दवाखान्याच्या फाटकाशी लावली होती. आबा मागे होते, डेअरीवरून आणलेले. आत्या काळा चष्मा लावून बाहेर आली आणि गाडीसमोर येऊन थबकली. टायरपासून बघायला सुरुवात केली ती वर वर बघत टपापर्यंत गेली.

"ही?" तिने विचारलं. "हिच्यात चढले मी?"

चढलीस की, एका दमात, मी म्हटलं. तिने एक पाय उचलला, टायरकडे बघितलं, पाय खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. आता तिला सगळं दिसत होतं.

"मानसानं चढावं कसं हिच्यात?" ती म्हणाली. "एवडी उंच कुनासाटी केलीस गं?"

हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला जात होता. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. "तुझ्यासाठी," मी म्हटलं.

तिने चष्मा जरा खाली घेऊन मला नीट बघितलं. फार दिवसांनी बघत होती.

"मग पायरी लाव," ती म्हणाली.